परसात ब्रॅम्ली लावायचं, तर खर्च किती?

ब्रिटनमध्ये चांगली कैरी मिळते ती उन्हाळ्यातले थोडेच आठवडे, तीही भारतीय दुकानात आणि महाग. ब्रॅम्ली सफरचंद मात्र कोणत्याही सुपरमार्केटात बारा महिने असतं. हिरवं, जरा चपटं, एका हातात जेमतेम मावणारं आणि चावा घेतला तर दात आंबतील असं. इंग्रज माणूस ते सहसा कच्चं खात नाही, पाय आणि क्रम्बलमध्ये शिजवतो. आपल्या लोकांनी त्याचं लोणचं घातलं. हॅरो, हाउन्स्लो, स्लाव, लेस्टर इथल्या कितीतरी मराठी घरांत ताज्या लोणच्याला, चटणीला आणि चिंच संपली असेल त्या दिवशी आमटीलाही ब्रॅम्लीच लागतं.

मग घर घेतलं, मागे थोडी बाग मिळाली, की मनात येतं: एक झाडच लावून टाकू. खर्च किती येईल?

थोडक्यात आकडा असा. एका झाडाला पहिल्या वर्षी हत्यारांसकट शंभर ते सव्वाशे पौंड, पुढे दर वर्षी वीस-पंचवीस. इथे दिलेल्या किमती गेल्या एक-दोन वर्षांतल्या आणि अंदाजी आहेत. गावागणिक, रोपवाटिकेगणिक त्या खालीवर होतील. पण या सगळ्या हिशेबात झाडाची किंमत हा छोटा आकडा आहे आणि लोक नेमकी तिथेच घासाघीस करतात. पुढचा सगळा खर्च आणि मनस्ताप ठरतो दोन गोष्टींवर: कलम कोणत्या खुंटावर बांधलंय आणि तुम्ही या घरात किती वर्षं राहणार आहात.

‘हेरिटेज’ म्हणून जादा पैसे देऊ नका

ब्रॅम्ली हा खरोखरच जुना वाण आहे. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं १८०९ मध्ये सफरचंदाच्या बिया लावल्या, त्यातून हे झाड आलं. १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकानं विकत घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर हा सतरा वर्षांचा रोपवाटिकावाला पोरगा त्याच्याकडे कलमकाड्या मागायला गेला. ब्रॅम्लीनं काड्या दिल्या, पण फळाला माझं नाव द्यायचं या अटीवर. मेरी ॲन त्याआधीच, १८५२ मध्ये वारली होती. तिनं लावलेलं बी साऱ्या ब्रिटनच्या स्वयंपाकघरात पोचलं, हे तिला कधी कळलंच नाही. फळाला तिचं नाव मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. मूळ झाड १९०० च्या वादळात कोसळलं, पडलेल्या फांदीतून पुन्हा उभं राहिलं आणि आता त्याला मुळं कुजवणाऱ्या बुरशीनं ग्रासलंय. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठ त्याची देखभाल करतं.

ग्राहकाच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट अशी की आज विकत मिळणारं प्रत्येक ब्रॅम्ली हे त्याच एका झाडावरून, कलमावर कलम बांधत आलेलं आहे. हापूसच्या कोयीतून हापूस येईलच असं नसतं हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सफरचंदाचंही तेच. त्यामुळे दहा पौंडांच्या ब्रॅम्लीत आणि ‘हेरिटेज’ चिठ्ठी लावलेल्या साठ पौंडांच्या ब्रॅम्लीत वाण एकच असतो. जादा पैसे द्यायचेच तर ते खुंटाला, मुळांच्या प्रकृतीला आणि कलम बांधणाऱ्याच्या हाताला द्या.

खुंट : पहिला प्रश्न हाच

झाड किती मोठं होणार, फळ कधी धरणार, आधार कायमचा लागणार की दोन-तीन वर्षांपुरता, हे सगळं खुंट ठरवतो. हे खुंट केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात निवडले आणि तयार केले गेले. त्यांची नावं म्हणजे एक-दोन अक्षरं आणि आकडा: एम ९, एम २६, एमएम १०६, एम २५.

चिठ्ठीवर लिहिलेली उंची ब्रॅम्लीच्या बाबतीत जशीच्या तशी धरू नका. हा वाण मुळातच जोमदार आहे आणि कोणत्याही खुंटावर इतर सफरचंदांपेक्षा मोठा होतो. छोट्या बागेला एम ९ घ्या. फळ लवकर येतं, पण मुळं नाजूक असल्यानं खांबाचा आधार जन्मभर लागतो आणि जमीन बरी लागते. मध्यम बागेला एम २६. साडेतीन-चार मीटर उंच आणि तेवढंच रुंद झाड होईल असं धरा. एमएम १०६ वरचं ब्रॅम्ली पाच मीटरपर्यंत जातं, ते मोठ्या बागेतच लावावं. एम २५ हा जुन्या फळबागांचा खुंट. त्याच्यावरचं झाड शिडी लावूनही हाताला येत नाही आणि शेजाऱ्याचं ऊन अडवतं. ‘ब्रॅम्ली २०’ नावाची जरा कमी वाढणारी निवडही काही रोपवाटिकांत मिळते. जागा बेताची असेल तर ती विचारा.

वसंत ऋतूत सुपरमार्केटच्या दारात आठ-बारा पौंडांना झाडं लागतात. त्यांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा वाणाचं नाव असतं, खुंटाचं नसतं. असं झाड सहा मीटरच्या बागेत लावलं आणि ते भलत्या खुंटावरचं निघालं, तर दहाव्या वर्षी ते आवरायला माणूस बोलवावा लागतो आणि एका भेटीचे दोनशे-तीनशे पौंड जातात. सुरुवातीला वाचवलेले वीस पौंड तेव्हा कुठल्या कुठे गेलेले असतात.

फळझाडांच्या रोपवाटिकेतून, पानं गळल्यावर मातीविना पाठवलेलं उघड्या मुळांचं झाड घेणं सर्वांत किफायतशीर. एक वर्षाचं सरळ काठीसारखं कलम पंधरा ते पंचवीस पौंडांना, दोन वर्षांचं फांद्या धरलेलं पंचवीस ते चाळीसला. तेच कुंडीतलं घेतलं तर चाळीस ते सत्तर. कुंडीतल्या झाडाचा एकच फायदा, ते वर्षभरात कधीही लावता येतं. मी नेहमी दोन वर्षांचं, उघड्या मुळांचं झाड सुचवते.

हाताला कलमाची सवय असेल, तर याहून स्वस्त वाटही आहे. खुंट तीन ते सहा पौंडांना मिळतो आणि ठिकठिकाणच्या फळबाग मंडळांच्या हिवाळी मेळाव्यांत कलमकाडी एखाद-दोन पौंडांना. केंटमध्ये फॅवर्शॅमजवळ ब्रॉगडेलला राष्ट्रीय फळसंग्रह आहे. तिथे सफरचंदाचे दोन हजारांहून अधिक वाण जपलेत. मार्चमध्ये जिभेचं कलम बांधायला शिकवणारे एक दिवसाचे वर्ग चाळीस ते ऐंशी पौंडांत होतात. मात्र फळासाठी दोन-एक वर्षं जास्त थांबायची तयारी ठेवा.

एकट्या ब्रॅम्लीला फळ धरत नाही

दुकानात हे क्वचितच कुणी आपणहून सांगतं. सफरचंदाला बहुधा दुसऱ्या वाणाचे पराग लागतात. ब्रॅम्ली त्यातही वेगळं. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, म्हणून त्याचे स्वतःचे पराग निकामी. ते दुसऱ्याकडून घेतं, पण कुणाला देत नाही. म्हणून पुस्तकात तीन झाडं लावायला सांगतात: एक ब्रॅम्ली आणि दोन अशी, जी त्यालाही पराग देतील आणि एकमेकांनाही.

तिन्ही विकत घ्यायला धावू नका. आधी एप्रिलच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला गल्लीत एक फेरी मारा आणि कुंपणांवरून नजर टाका. गुलाबी-पांढऱ्या फुलांनी लगडलेली सफरचंदाची किंवा रानसफरचंदाची झाडं पन्नास-एक मीटरांत दिसली, तर मधमाश्या तुमचं काम फुकट करतील. इंग्लंडच्या जुन्या उपनगरांत अशी झाडं भरपूर आहेत. आजूबाजूला नव्या वसाहतीच्या विटा आणि गवतच असेल, तर मात्र दुसरं झाड घ्यावंच लागेल. त्यासाठी माझी पसंती जेम्स ग्रीव्ह. एडिंबराचा हा जुना वाण ब्रॅम्लीबरोबरच फुलतो, थोडंफार फळ स्वतःच्या परागांवरही धरतो आणि सप्टेंबरमध्ये खायला रसाळ सफरचंदं देतो. एकाच पार्सलात मागवलं तर दुसऱ्या झाडाचा खर्च खांबासकट पंचेचाळीस पौंडांच्या आसपास येतो.

स्लावमध्ये राहणारे बरेच जण कॉक्सचं विचारतात, आणि त्यांचा त्यावर हक्कही आहे. कॉक्सेस ऑरेंज पिपिन हे इंग्लंडचं लाडकं खायचं सफरचंद स्लावजवळच्या कोलनब्रुकला, रिचर्ड कॉक्स नावाच्या निवृत्त बिअर-उत्पादकाच्या बागेत १८२५ च्या सुमाराला जन्मलं. चव अप्रतिम, पण झाड फार रोगट. पहिलंच झाड लावणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये.

पहिल्या वर्षीचा हिशेब

झाड तीस पौंड, घरपोच पाठवणी दहा-बारा. लाकडी खांब आणि रबरी पट्टा मिळून दहा. ससे किंवा खारी असतील तर बुंध्याला गुंडाळायची जाळी दोन. वर पसरायला कंपोस्ट किंवा कुजलेलं खत दोन पोती, चौदा-सोळा. झाले सत्तर. घरात हत्यारं नसतील तर बरी कात्री पंचवीस आणि छाटणीची छोटी करवत वीस. ही हत्यारं एकदाच घ्यायची असतात, त्यामुळे कात्रीवर हात आखडू नका. बोथट कात्रीनं फांदी चिरडते आणि तिथूनच रोग शिरतो.

खड्ड्यात घालायची खास माती, मुळांना लावायची पावडर, ‘फळझाडांचं’ म्हणून मिळणारं महाग खत, यांतलं काहीही पहिल्या वर्षी लागत नाही. खड्डा मुळं पसरतील एवढा रुंद हवा, खोल नको. बुंध्यावर खालून वीतभर अंतरावर एक वाकडी गाठ दिसते, तो कलमाचा जोड. तो मातीच्या वर बोटभर तरी राहिलाच पाहिजे. जोड पुरला गेला तर वरच्या फांदीलाच मुळं फुटतात आणि ठेंगण्या खुंटासाठी दिलेले पैसे वाया जातात. जागा निवडताना बागेतला सखल कोपरा टाळा. मेमध्ये एखाद्या रात्री गोठवणारं दंव पडतं, थंड हवा तिथेच साचते आणि ब्रॅम्लीची फुलं जळतात.

बुंध्याभोवती मीटरभराच्या वर्तुळात गवत ठेवू नका. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला दोन झाऱ्या पाणी. मीटर असला तरी सबंध हंगामाच्या पाण्याचा खर्च दोन पौंडांच्या आत राहतो. पाणी मात्र नियमानं द्या. कधी कोरडं, कधी चिखल असं झालं की ब्रॅम्लीच्या फळाला सालीखाली तपकिरी, कडवट ठिपके पडतात. झाडाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून होणारा हा विकार आहे, त्यावर फवारणी विकत घेण्याआधी पाणी सुधारा.

पहिल्या वर्षी आलेली फळं हरभऱ्याएवढी असतानाच खुडून टाका. जिवावर येतं, पण खांद्याएवढ्या झाडानं फळ पोसलं तर मुळं पोसली जात नाहीत.

छाटणी, आणि माळ्याला काय सांगायचं

पुढच्या वर्षांत खर्च फारसा नाही. दर वसंतात खताची एक-दोन पोती, ऑक्टोबरमध्ये खोडाला चिकटपट्टी सहा-आठ पौंड, ती खोडावर चढणाऱ्या हिवाळी पतंगांच्या माद्यांना अडवते. सफरचंदात अळी सोडणाऱ्या पतंगासाठी गंधसापळा दहा-पंधरा पौंडांना मिळतो. एकाच झाडाला तो नाही घेतला तरी चालतं.

खरं काम छाटणीचं. ती पानं गळल्यावर, नोव्हेंबर ते मार्चमध्ये करायची. इथे ब्रॅम्लीची खोड माहीत हवी. बऱ्याच सफरचंदांना जुन्या फांदीवरच्या आखूड गाठींवर फळ येतं. ब्रॅम्लीला मात्र पुष्कळसं फळ कोवळ्या डहाळ्यांच्या टोकांवर धरतं. वर्षभरात आलेली जी डहाळी वीतभर किंवा त्याहून आखूड आहे, तिला हात लावायचा नाही. कुंपणासारखं सगळीकडून एकसारखं कातरलं, की पुढच्या वर्षी पानंच पानं. तासाच्या दरानं येणारे सगळे माळी हे जाणतातच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी गवत कापायला येणाऱ्या माणसानं झाड गोल, सुबक करून दिलं आणि पुढल्या शरदात टोपलीभरही फळ निघालं नाही. माणूस लावायचाच तर आधी विचारा, टोकांवर फळ धरणाऱ्या झाडाची छाटणी कशी करता. उत्तर ऐकून ठरवा. याच कारणासाठी ब्रॅम्ली तारेवर, भिंतीला चपटं वाढवायच्या पद्धतीला चालत नाही. जागा वाचते म्हणून तसं झाड कुणी विकत असेल, तर त्या पद्धतीत दुसरा वाण घ्या.

जूनमध्ये झाड काही फळं आपणहून गाळतं. त्यानंतरही झुबक्यात एकच फळ ठेवून बाकीची काढा. दोन फळांत वीतभर अंतर राहू द्या. न विरळता ठेवलं तर ब्रॅम्ली एक वर्ष फांद्या मोडेपर्यंत देतं आणि पुढच्या वर्षी रुसतं.

घराबरोबर जुनं झाड मिळालं तर

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलेल्या घरांच्या मागे पुष्कळदा एक प्रचंड, वेडंवाकडं सफरचंद उभं असतं. घर घेतल्यावर ते तोडायची घाई करू नका. ते ब्रॅम्ली असण्याची शक्यता चांगली असते आणि तसं असेल तर तुमची दहा वर्षं वाचली. ओळख पटवायला २१ ऑक्टोबरच्या आसपास ठिकठिकाणी होणारे ‘ॲपल डे’चे मेळावे उपयोगी. कॉमन ग्राउंड या संस्थेनं १९९० मध्ये हा दिवस सुरू केला. चांगली तीन-चार फळं देठासकट घेऊन जा. जाणकार मंडळी फुकट किंवा दोन-चार पौंडांत वाण सांगतात. त्यांनाही ओळखलं नाही, तर पानांची डीएनए तपासणी तीस-चाळीस पौंडांच्या घरात होते. त्यासाठीची पानं उन्हाळ्यात काढावी लागतात.

म्हाताऱ्या झाडाची छाटणी जाणत्या वृक्षकर्मीकडून करून घ्यायची तर एका भेटीचे दोनशे ते चारशे पौंड. तीन जणांकडून लेखी भाव घ्या. त्यात कापलेल्या फांद्या नेण्याचा खर्च धरलाय का आणि दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा आहे का, हे विचारा. एका हिवाळ्यात विस्ताराच्या पाचव्या हिश्शाहून जास्त कापू देऊ नका. एकदम सगळं मोकळं करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, कारण तसं केलं की झाड घाबरून काठ्यांसारखे सरळसोट धुमारे फेकतं आणि ते काढण्यात पुढच्या तीन वर्षांचे पैसे जातात. तोडायचंच असेल तर आधी कौन्सिलला विचारा. झाडावर संरक्षण आदेश असेल किंवा घर संवर्धन क्षेत्रात असेल, तर परस्पर तोडल्याबद्दल मोठा दंड होतो.

शेजाऱ्याकडे गेलेल्या फांद्या शेजारी हद्दीपर्यंत कापू शकतो. कायद्यानं त्या फांद्या आणि त्यांवरची फळं तुमचीच राहतात. तरीही दर ऑक्टोबरला एक पिशवी त्याला नेऊन द्यावी.

काढणी

ब्रॅम्ली ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तयार होतं, दक्षिणेत थोडं आधी. रंगावर जाऊ नका. ते हिरवंच असतं, उन्हाच्या बाजूला फार तर तांबूस झाक येते. झाडाखाली कीड नसलेली, धडधाकट फळं पडू लागली की सुरुवात करा. एक फळ आडवं कापून बघा, बिया पांढऱ्या असतील तर आठवडाभर थांबा, तपकिरी झाल्या असतील तर काढा.

फळ ओढायचं नाही. खालून तळहातात घ्यायचं, अलगद वर उचलायचं आणि किंचित पीळ द्यायचा. तयार झालेलं फळ देठासकट हातात येतं. ओढावं लागलं तर ते तयार नाही. देठ फळालाच राहिला पाहिजे, कारण देठ उपटलेल्या जागेतून सड सुरू होते. आणि ओढाओढीत फळाशेजारचा डोळा तुटला तर पुढच्या वर्षीचं फळ गेलं. फांद्या खालून वर, बाहेरून आत अशा रिकाम्या करा. टोपली फडक्यानं मढवा. हे फळ दिसतं दणकट, पण बोटाच्या दाबानंही आत डाग पडतो आणि तो आठ दिवसांनी दिसतो. उंचावरच्या फळांसाठी लांब दांड्याची झोळी बारा ते वीस पौंडांना मिळते. शिडीवर चढण्यापेक्षा ती बरी.

सगळं एकाच दिवशी काढू नका. उन्हाची बाजू आणि शेंडे आधी, आतली फळं आठ-दहा दिवसांनी. पडलेली, डागी, पाखरांनी टोचलेली वेगळी ठेवा आणि ती लगेच वापरा.

साठवणीला पैसे लागत नाहीत. भाजीवाल्याकडून लाकडी किंवा पुठ्ठ्याचे उथळ ट्रे मागून आणा. फळं एकमेकांना न टेकता एका थरात मांडा, वर्तमानपत्रात गुंडाळली तर उत्तम. तीन ते सात अंशांची, अंधारी, न गोठणारी जागा हवी. गॅरेज किंवा बागेतली शेड चालते, मध्यवर्ती तापवण असलेलं घर नाही. बटाटे आणि कांदे जवळ नकोत, वास लागतो. आठवड्याला एकदा नजर टाका आणि सडलेलं काढून टाका. अशा रीतीनं ठेवलेली फळं फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकतात. साल तेलकट लागू लागली तर दचकू नका, या वाणाची ती नेहमीची तऱ्हा आहे.

लोणच्याला ऑक्टोबरातलं करकरीत फळच घ्या. फेब्रुवारीत आंबटपणा उतरलेला असतो. साल ठेवून फोडी करा आणि चिरता चिरताच मिठात टाका, नाहीतर हां हां म्हणता काळ्या पडतात. फोडणी पूर्ण गार झाल्यावर घाला, कारण गरम फोडणीत ब्रॅम्लीचा लगदा होतो. कैरीपेक्षा यात पाणी जास्त, म्हणून हे बरणीतलं वर्षभराचं लोणचं नव्हे. फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवावं. साखरांबा करायला जाल तर फोडी शिल्लक राहणार नाहीत, मऊ मुरंबा होईल, पण वेलची-केशर घातलं की पोळीबरोबर फार छान लागतो. उरलेला गर शिजवून, डब्यांत भरून गोठवा. गूळ-वेलची घालून त्याचं पन्हंही चांगलं होतं.

पैसे फिटतात का?

बाजारात ब्रॅम्ली किलोला दोन ते अडीच पौंड. एम २६ वरचं झाड चौथ्या वर्षी चार-पाच किलो देईल, सातव्या-आठव्या वर्षी तीस-चाळीस. पहिल्या वर्षीचे एकशेपंधरा आणि दर वर्षीचे वीस धरले तर खर्च भरून निघायला आठ-दहा वर्षं लागतात. दुसरं झाडही घ्यावं लागलं तर त्याच्या फळाचा हिशेब वेगळा. त्यापुढे मात्र झाड दर वर्षी तुम्हाला देतच राहतं, आणि नीट सांभाळलं तर नातवंडांपर्यंत.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: पाच वर्षांत घर बदलणार असाल तर पैशांसाठी हे झाड लावू नका. हौस म्हणून लावायचं असेल तर जरूर लावा, पुढच्या कुटुंबाला मिळेल. भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी घ्या. जमिनीत लावलेलं झाड घराबरोबर राहतं. कुंडीत एम ९ वरचं ब्रॅम्ली जगतं, पण मोठ्या कुंडीचे तीस-चाळीस पौंड आणि उन्हाळ्यात रोजचं पाणी बघता ते परवडत नाही. सुट्टीत महिनाभर भारतात गेलात तर परत येईपर्यंत झाड गेलेलं असेल. कुंडीशिवाय पर्याय नसेल त्यांनी शरदात स्वतः तोडून घ्यायच्या शेतांवर जावं. दर दुकानापेक्षा फार कमी नसतो, पण फळ त्याच दिवशीचं असतं आणि मुलांना झाड बघायला मिळतं.

कौन्सिलच्या अलॉटमेंटवर लावायचं तर भाडं वर्षाला तीस-चाळीस पौंडांपासून दीडशेच्या पुढेही असतं. शहरांत प्रतीक्षायादी लांब असते. झाड लावायच्या आधी नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी फक्त ठेंगण्या खुंटावरची फळझाडं चालतात, काही ठिकाणी मुळीच चालत नाहीत.

दर वर्षी कुणीतरी विचारतं, कलमकाडी गावी नेऊन महाबळेश्वरला लावली तर? लावू नका. रोपं आणि काड्या संगरोध परवान्याशिवाय भारतात नेता येत नाहीत. आणि अशा सफरचंदाला हिवाळ्यात सात अंशांखालचे साधारण हजार तास लागतात. महाबळेश्वरची थंडी तेवढी पुरत नाही.

मागणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच नोंदवा. एम ९ आणि एम २६ वरची ब्रॅम्ली आधी संपतात आणि जानेवारीत उरतात ती मोठ्या खुंटावरची. फोनवर तीन गोष्टी विचारा: खुंट कोणता, झाड किती वर्षांचं आणि जगलं नाही तर बदलून देता का. झाडं नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत पाठवतात. पार्सल आल्या दिवशीच उघडा, मुळं तासभर बादलीत भिजवा आणि लगेच लावा. जमीन गोठलेली असेल तर शेडमध्ये ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळून ठेवा. आठवडाभर ती तशी राहतात.